लालवर लाल

बाबांना पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला. हातपाय चालायला लागले, बोलणंही जागेवर आलं. पण स्कूटर चालवायची की नाही, हे डॉक्टरांनी एका चाचणीवर सोडलं. बाबांचा जीव स्कूटरमध्ये. प्रताप नगरातून सकाळी दुधाला निघायचे ते दोस्तांकडे चकरा मारून नाश्त्यालाच उगवायचे.

टेबलावर चार पत्ते होते: लाल त्रिकोण, हिरवी चांदणी, पिवळी फुली, निळा गोल. हातातला पत्ता कशाखाली जातो ते आपणच ओळखायचं. चाचणी घेणाऱ्या बाई नुसतं बरोबर किंवा चूक म्हणणार. मला मागे खुर्ची मिळाली आणि तोंड उघडायची मनाई.

बाबांनी रंगाला रंग लावला. बरोबर, बरोबर. माझ्याकडे वळून म्हणाले, "सोपं हाय."

मग बाईंनी न सांगता नियम बदलला. आता आकार जुळवायचा होता. दोन लाल चांदण्यांचा पत्ता हिरव्या चांदणीखाली जायला हवा होता. बाबांनी तो लाल त्रिकोणाखाली ठेवला.

"चूक, काका."

पुढचा लाल पत्ता त्यांनी कडेला कड लावून, आणखी नीट तिथंच ठेवला.

"चूक."

"काहून? आताच त बरोबर होतं. हुकूम कोणी बदलला, मॅडम? मले त कोणी सांगितलं नाही."

त्यांची सगळी नोकरी कोराडीच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. लेखी आदेशाशिवाय तिथं बटणाला हात लावत नसत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणून आम्ही त्यांना घरात चिडवायचो. वाटलं, तोच हट्ट आहे. मला तर त्या बाईंचाच राग आला.

एवढ्यात बाबा स्वतःच पुटपुटले, "आकार पाहा लागते वाटते." माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी लाल फुलीचा पत्ता उचलला, नीट पाहिला, आणि लाल त्रिकोणाखाली ठेवला. तेव्हा मी खरी घाबरले. हा हट्ट नव्हता, आणि मला करता येण्यासारखं काहीच नव्हतं.

डॉक्टरांनी स्कूटर बंद सांगितली. बाबांनी मुकाट्यानं मान डोलावली. घरी आल्यावर ड्युटीची पाळी बदलताना देत तशी स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली. "चार्ज घे." मी ती देव्हाऱ्यामागे ठेवली.

सकाळी बाबा दुधाची पिशवी घेऊन दारात उभे.

"किल्ली दे वं."

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले काल?"

"गाडी चालवाची नाही म्हणे," ते लगेच म्हणाले, आणि हेल्मेटचा पट्टा लावू लागले.