हिरवीवरचा आळ

प्रल्हाद आगाशे खोटं बोलत नाहीत, याचा ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगमधल्या मराठी मंडळींना अनेक वर्षं त्रास होता. कुणाकडे जेवायला गेले तर आमटीत मीठ जास्त पडलंय हे पहिल्याच घासाला सांगणार. कुणाच्या मुलाने पेटी वाजवली तर टाळ्या थांबायच्या आत चुकलेला सूर दाखवून देणार. पुण्यात धातुशास्त्र शिकून चौऱ्याऐंशी साली ते पोर्ट केंबलाच्या पोलादाच्या कारखान्यात आले आणि तीस वर्षं तिथे लोखंडाचे तुकडे तपासत बसले. नापास म्हणजे नापास. साहेबाने कितीही डोळे वटारले तरी आगाशांनी आपला शेरा बदलला नाही. त्यामुळे गेल्या ऑक्टोबरात, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, हा माणूस "ब्रेक गेला" असं म्हणाला तेव्हा त्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

ब्रेक शाबूत होता. दगा दिला होता तो आगाशांच्या उजव्या पायाने.

पंधरा वर्षांची जुनी साखर. ती पायात उतरते हे त्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि स्वतःला लागू करणं यात इंजिनियर माणसं फार अंतर ठेवतात. गणपतीत मखर काढल्यावर त्यांना हॉलच्या फरशीवर लाल ठिपके दिसले. पत्नी सुहासिनीबाईंनी कुंकू सांडलं म्हणून ते करवादले. मग ठिपके स्वयंपाकघरात दिसले, गॅरेजच्या दारात दिसले आणि ते जिकडे जातील तिकडे दिसू लागले. खुर्चीत बसून त्यांनी तळवा उलटा करून पाहिला. मखराच्या पुठ्ठ्याची पिन टाचेत डोक्यापर्यंत रुतली होती. त्यांनी ती उपटली, फरशी पुसली आणि कुणालाही काही सांगितलं नाही. त्या दुपारी त्यांना मनापासून भीती वाटली, आणि ती वेदनेची नव्हती, कारण वेदना नव्हतीच.

डॉक्टरकडे गेलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, गाडी चालवता का? या प्रश्नाचं पुढे काय होतं ते त्यांनी हृषिकेश दांडेकरांच्या बाबतीत पाहिलं होतं. दांडेकर त्यांच्याच वयाचे, कारखान्यातले सोबती. डोळ्यांपायी लायसन्स गेलं आणि वर्षभरात माणूस मावळला. भजनाला, वाढदिवसाला, औषधाच्या दुकानात, कुठेही जायचं तर दुसऱ्याला फोन. पुढे पुढे लोक स्क्रीनवर दांडेकरांचं नाव पाहून फोन वाजू देत. आगाशांनी स्वतः दोनदा वाजू दिला होता.

आता हिरवीबद्दल सांगायला हवं. हिरवी म्हणजे एकोणसत्तर सालची एमजी, दोन माणसांची, छत उघडणारी, गर्द हिरव्या रंगाची. अठ्ठ्याऐंशी साली एका वारलेल्या फोरमनच्या बायकोकडून त्यांनी ती घेतली, तेव्हा घरात धड सोफाही नव्हता. सुहासिनीबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. नंतर त्याच डोक्याला रुमाल बांधून समुद्राकाठच्या रस्त्याने फिरायला निघत आणि भारतात बहिणीला फोटो पाठवत. मुलगा निनाद हिच्यावर गाडी शिकला आणि लग्न लागल्यावर यामिनीला हिच्यातूनच घरी घेऊन आला. छत्तीस वर्षांत हिरवी कधी परक्या मेकॅनिककडे गेली नाही. तिचा प्रत्येक स्क्रू आगाशांच्या हाताखालून गेलेला. दर दसऱ्याला तिला आंघोळ, बॉनेटवर स्वस्तिक, चाकापुढे नारळ.

गेल्या दसऱ्याचा नारळ कुजका निघाला. सुहासिनीबाईंचा चेहरा पडला. आगाशे हसले, म्हणाले, "दुकानदाराला शिव्या घाल, गाडीला कशाला?"

पंधरा दिवसांनी दोघं बुली पासचा घाट उतरत होते. छान ऊन होतं, छत उघडं होतं, खाली निळा समुद्र दिसत होता. वळणावर पुढे एक कॅरॅव्हॅन अगदी रेंगाळत चालली होती. आगाशांनी ब्रेक दाबला आणि हिरवी उसळून पुढे गेली. त्यांनी आणखी जोरात दाबला. इंजिन किंचाळलं. त्यांनी खाली पाहिलं तेव्हा त्यांचा बूट ॲक्सिलरेटरवर होता, आणि पायाला त्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी पाय ओढून घेतला, पण तो आता कुठे पडेल याचा भरवसा नव्हता. डाव्या पायाने क्लच, हाताने दुसरा गिअर, मग हँडब्रेक जिवाच्या आकांताने वर. हिरवी कठड्याला घासत घासत कॅरॅव्हॅनच्या मागे हातभर अंतरावर थांबली.

"काय झालं हो?" सुहासिनीबाईंनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता.

"ब्रेक गेला," आगाशे म्हणाले.

तोंडातून गेलं ते गेलं. हिरवीला टो ट्रकवर घालून घरी येईपर्यंत ते खरं झालं होतं. सुहासिनीबाईंनी निनादला फोन केला, निनाद सिडनीच्या कॅसल हिलहून धावत आला, आणि डायनिंग टेबलावर हिरवीचा निकाल लागला.

"बाबा, पन्नास वर्षं जुनी गाडी आहे. एनफ नाऊ. मेकॅनिकला दाखवून विकून टाकू."

"मेकॅनिक नको," आगाशे घाईने म्हणाले.

"मग तुम्ही बघणार?"

"नकोच ते," सुहासिनीबाई म्हणाल्या. "दुरुस्त करूनही नको. लाभत नाही आता ती आपल्याला. नारळाने सांगितलं होतं, आपण ऐकलं नाही. हो की नाही हो?"

आगाशे टेबलाकडे बघत म्हणाले, "असेलही."

ज्या गृहस्थाने स्वतःच्या लग्नात पत्रिका उघडू दिली नव्हती, तो कुजक्या नारळाला मान डोलावतोय. छत्तीस वर्षं लाभलेली वस्तू पंधरवड्यात लाभेनाशी कशी झाली, हे एरवी त्याने तासभर सुनावलं असतं. घरात त्या क्षणी कुणाचे तरी कान टवकारायला हवे होते. पण सगळे घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसांना दोषी सापडला की बरं वाटतं.

जाहिरात दिली आणि डिसेंबरात पेंडल हिलचा शैलेंद्र बापट ट्रेलर घेऊन आला. चाळिशीचा, आयटीतला, जुन्या गाड्यांचं वेड असलेला आणि बोलायला अतिशय गोड. आल्या आल्या दोघांच्या पाया पडला.

बॉनेट उघडून त्याने आत पाहिलं. "काका, ब्रेक नेमका कसा गेला? पेडल कडक झालं की खाली बसलं?"

साधा प्रश्न होता. आगाशे नजर बॉनेटवर ठेवून म्हणाले, "खाली बसलं. पार तळाला."

शैलेंद्रने ब्रेकच्या तेलाची डबी पाहिली, खाली वाकून चारही चाकांच्या आतून बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं. "तेल तर भरलेलं आहे. कुठे गळती पण दिसत नाही."

"मी भरलं नंतर. पुसूनही घेतलं."

शैलेंद्रने कोरडं बोट पुन्हा एकदा पाहिलं. विकणारा दुसरा कुणी असता तर त्याने पुढचे दहा प्रश्न विचारले असते. पण वडीलधारा माणूस, इंजिनियर, आणि नुकताच त्यांच्याच घरचा चहा घेतलेला. अशा माणसाला उलट विचारायचं म्हणजे तुम्ही खोटं बोलता असं म्हणण्यासारखं. "नो वरीज काका," तो म्हणाला. "तुम्ही सांगताय म्हणजे तसंच असणार. मी बघून घेतो."

हिरवीला पट्ट्यांनी ट्रेलरवर आवळलं. स्वतः चोरी करायची आणि घरच्या जुन्या गड्यावर आळ घेऊन त्याला हाकलायचं, तसं आगाशांना झालं. त्या दिवशी घाटात दोघांना वाचवलं ते तिच्या गिअरने आणि तिच्या हँडब्रेकने, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? ट्रेलर वळला. सुहासिनीबाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "सुटलो एकदाचे." आगाशे गॅरेजमध्ये जाऊन बसले आणि खूप वेळ बाहेर आले नाहीत. सगळ्यांना वाटलं, गाडीचं दुःख आहे.

फेब्रुवारीत शाळा सुरू झाल्या. यामिनीची नोकरी आता पूर्णवेळ झाली होती, निनाद मेट्रोने सिटीत जात होता, आणि त्यांच्या दहा वर्षांच्या स्पृहाला शाळेतून आणून पुढे सिलेक्टिव्ह शाळांच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासला सोडायला माणूस हवं होतं. बाबांशिवाय भरवशाचं कोण आहे? आगाशे नवराबायको वर्षभरासाठी कॅसल हिलला राहायला आले. निनादने नव्या ऑटोमॅटिक गाडीची किल्ली वडिलांच्या हातात ठेवली. "यात गिअर-बिअर काही नाही बाबा. ब्रेक नाही मारला तर गाडी स्वतःच मारते. एकदम सेफ."

शेवटचं वाक्य आगाशांनी पदरात पाडून घेतलं. रोज दुपारी किल्ली फिरवताना ते मनात तेच म्हणत. सवय म्हणून डावा हात गिअर शोधायला खाली जाई आणि तिथे एक बटण लागे. पाय कुठे आहे ते दिसावं म्हणून त्यांनी पांढरे बूट घेतले. सिग्नल आला की एकदा रस्त्याकडे बघायचं, एकदा बुटाकडे. आणि मागच्या सीटवर स्पृहा शाळेच्या गमती सांगत असायची.

दुसऱ्या आठवड्यात शाळेसमोरच्या क्रॉसिंगवर गाडी न थांबता पट्ट्यांवर घुसली. डॅशबोर्ड ओरडला, गाडी स्वतःच गचका देऊन थांबली. हातात स्टॉपचा फलक धरलेली बाई आणि तिच्या मागची चार पोरं जागच्या जागी थिजली.

"आजोबा! यू नियरली हिट द लॉलिपॉप लेडी!"

"अगं, हिचे सेन्सर बिघडलेत वाटतं."

रात्री जेवताना त्यांनी निनादला तेच सांगितलं. निनादने फोन काढून गाडीचं सर्व्हिसिंग बुक केलं, आणि वर म्हणाला, "तुमच्या नशिबी गाड्याच वाईट, बाबा." सगळे हसले. आगाशेही हसले, आणि मग भात तसाच टाकून उठले.

त्या गुरुवारी दुपारी दोन वाजता फोन आला. आगाशांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवत. समोर सुहासिनीबाई गवार मोडत होत्या.

"काका, शैलेंद्र बोलतोय. गुड न्यूज! मेकॅनिकने ब्रेकची पूर्ण सिस्टिम उघडली. काहीही झालेलं नाही, सगळं ओरिजिनल, एकदम टकाटक. तो म्हणतो, हे ब्रेक कधी फेल झालेच नाहीत, मेट. मी म्हटलं, काका कशाला खोटं सांगतील? पण मला बरं वाटेना. तुम्ही ब्रेकसाठीच विकलीत ना? परत हवी असेल तर मनात काही आणू नका, मी आणून देतो."

आगाशांनी काहीतरी पुटपुटून फोन बंद केला. गवार मोडायचा आवाज थांबला होता.

शाळेत जायचं म्हणून आगाशांनी बूट आधीच चढवले होते. सुहासिनीबाई त्या पांढऱ्या बुटांकडे बघत होत्या. आयुष्यभर काळेच बूट घालणाऱ्या या माणसाने पांढरे कशाला आणले, हे त्यांनी तेव्हा विचारलं होतं आणि त्याने उत्तर दिलं नव्हतं. मग त्या उठल्या आणि आगाशांच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसल्या.

"बूट काढा. मोजाही."

"कशाला?"

"काढा म्हणते ना. आता डोळे मिटा." त्यांचा आवाज अगदी हळू होता. "सांगा, कुठे हात लावलाय मी?"

आगाशांनी डोळे मिटले. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मालाची परीक्षा घेतलेला माणूस, त्याने हिशेब केला. कुणीही सुरुवात कुठून करेल? "अंगठ्याला."

"आता?"

"करंगळीला."

"आता?"

"टाचेला. आता पुरे झालं, कळतंय मला सगळं." त्यांनी डोळे उघडले.

सुहासिनीबाईंचे दोन्ही हात त्यांच्या स्वतःच्या मांडीवर होते. त्यांनी ते तिथून हलवलेच नव्हते.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. तीनला शाळा सुटणार होती.

"स्पृहा रोज तुमच्या मागे बसते," सुहासिनीबाई म्हणाल्या. "रोज. आणि मी तिच्या डब्यात लाडू भरून देते, आजोबांबरोबर वाटून खा म्हणून."

आगाशांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांना खूप काही सांगायचं होतं, दांडेकरांचं, न उचललेल्या फोनचं, घाटातल्या त्या क्षणाचं. पण तोंडातून आलं ते एवढंच, "निनादला सांगू नकोस. आजच्या दिवस जाऊन येतो मी. उद्यापासून नाही."

शेहेचाळीस वर्षांच्या संसारात सुहासिनीबाई या माणसावर चिडल्या होत्या, रुसल्या होत्या, कधीकधी त्याच्या फटकळपणाची त्यांना लाजही वाटली होती. त्याची भीती मात्र त्यांना आज पहिल्यांदा वाटली. त्यांनी त्याच्यासमोरून गाडीची किल्ली उचलून मुठीत घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने निनादचा नंबर लावला.