पंपाचा बांधलेला गोळा

पिंपातले पाणी संपले की पंप आपोआप बंद होईल अशी सोय असताना त्या दुपारी तो बंद का झाला नाही, या एका प्रश्नाचे उत्तर मला लिहून ठेवायचे आहे.

सत्तरचे दशक संपत आले होते. मी शाळेत विज्ञान शिकवत असे आणि वडिलांसह शुक्रवार पेठेत भाड्याने राहत असे. उन्हाळ्यात नळाचे पाणी आमच्या बोळापर्यंत पोचत नसे, अंगणातल्या आडाचे पाणी मचूळ. वडिलांना मूतखडा होता आणि ते पाणी पोटात जाता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले होते.

माझा भाऊ परगावी एका प्रयोगशाळेत होता. खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी काढणाऱ्या पडद्याचा एक उरलेला तुकडा त्याने मागून आणला आणि अंगणात यंत्र उभे केले. तत्त्व सोपे आहे. पंपाने मचूळ पाणी मोठ्या दाबाने पडद्यावर ढकलायचे; पाणी पलीकडे झिरपते, क्षार अलीकडे राहतात. मात्र पंप कोरडा चालता कामा नये आणि पडदा सुकता कामा नये. म्हणून आडाचे पाणी भरून ठेवायच्या पिंपात पत्र्याचा पोकळ गोळा तरंगत ठेवला होता. पाणी उतरले की गोळा खाली येई आणि त्याची दांडी बटण पाडी. वडिलांचा तांब्या यंत्रातून निघालेल्या गोड्या पाण्याने भरत असे. उरलेले पाणी घरमालक नेत.

घरमालकांचे मागच्या बाजूला यंत्रमाग होते. त्या दिवशी मी शाळेतून परतले तेव्हा अंगणात जळक्या रबराचा वास होता. पिंप कोरडे, पंप जाम आणि गोळ्याची दांडी चादरीच्या लाल सुताने वर आवळलेली.

"हे कोणी बांधलं?"

"मीच की," घरमालक म्हणाले. "पाव्हणे यायचे होते, अन् हे सारखं बंद पडतंय. गड्याला पिंप भरत रहा म्हणलं, तो बसला मागावर जाऊन. मागाचा काटाबी मी असाच बांधतो, बाई. आडवा धागा तुटला की थांबतंय, तुटला की थांबतंय. माल निघायचा कधी?"

"आणि धागा नसताना माग चालला तर?"

"चादर जरा विरळ होतीय. गिऱ्हाईक काय भिंग लावून बघतंय?"

"इथं माझ्या वडिलांचं पाणी गेलं."

"एवढं काय चिडता? आड भरलेला हाय की."

म्हणजे थांबणारी वस्तू कशासाठी थांबते, हे त्यांना ठाऊक होते. अज्ञान असते तर मी शिकवले असते. तो माझा व्यवसायच होता. पण थांबणे म्हणजे बिघाड, असे ज्याने ठरवूनच टाकले आहे त्याला काय शिकवायचे?

पंप दुरुस्त झाला. पडदा मात्र त्या उन्हात सुकून तडकला होता आणि दुसरा तुकडा मिळण्यासारखा नव्हता. वडील आडाचे पाणी उकळून पिऊ लागले. उकळल्याने क्षार जात नाहीत, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे. पावसाळा लागता लागता त्यांची कळ परतली. गुडघे पोटाशी घेऊन ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मला आवाज ऐकू येऊ नये म्हणून तोंडात पंच्याचे टोक धरत. घरमालकांनी शहाळी पाठवली. मी ती दारातूनच परत केली, आणि त्याचे मला आजही वाईट वाटत नाही.

तुमच्या घरी असा पंप असेल तर माझ्या शब्दावर विसंबू नका. तो चालू असताना पिंप रिकामे होऊ द्या, शेजारी उभे राहा, आणि तो स्वतःहून थांबतो का ते स्वतः पाहा.