आतषबाजीकडे पाठ

सुट्टीच्या दिवशी मैदानावर आतषबाजी सुरू झाली की सगळं गाव माना वर करतं. ठमी शिंपीण तेवढी आभाळाकडे पाठ करून शेजारपाजारची छपरं बघत बसते. लोक हसतात. हसोत बापडे. आठव्या वर्षी तिला घडली ती अद्दल त्यांना घडली असती, तर त्यांचेही दात दिसले नसते.

तिचे वडील आगीच्या बंबावर नोकरीला. दर आतषबाजीला ते ड्यूटीवर. आई, आत्या आणि ठमी गच्चीवर. त्या वर्षी मात्र बाबांना रजा मिळाली. ठमीने आठवडाभर गल्ली डोक्यावर घेतली. बाबा गच्चीवर आले खरे, पण पाण्याची बादली शेजारी ठेवून छपरांकडे तोंड करून उभे राहिले. ठिणगी कुठे पडते ते बघायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

“अहो, आज तरी बंब डोक्यातून उतरवा,” आई म्हणाली.

“जित्याची खोड!” आत्याने सूर धरला.

ठमी रडकुंडीला आली. शेवटी ती खुर्चीवर चढली, दोन्ही हातांनी बाबांची हनुवटी धरली आणि तोंड आभाळाकडे फिरवलं. “एकच बघा ना, बाबा!”

बाबांनी पाहिलं. आणि नेमकी ते वर बघत असतानाच समोरच्या सुताराच्या शेडवर ठिणगी पडली. बाबा धावले तोवर भुसा भडकला होता. सुताराला त्यांनी ओढून बाहेर काढलं, पण शेड गेली आणि बाबांचा उजवा हात भाजून कायमचा आखडला. बंब सुटला, कचेरीतलं टेबल नशिबी आलं.

ठमीला कोणी चकार शब्द बोललं नाही. बोललं असतं तर पोरगी रडून मोकळी तरी झाली असती. त्याऐवजी ती रोज बाबांच्या शर्टाची बटणं लावू लागली. पुढे लग्न झालं, दुकान थाटलं, तरी बाबांचे शर्ट तीच शिवते, डाव्या हाताने लागतील अशी टिचबटणं लावून.

यंदा बाबा पंच्याहत्तरीचे. गच्चीवर दोघंच होती.

“ठमे, किती वर्षं अशी पाठ करून बसणार?”

“तुमचा हात सरळ होईपर्यंत.”

बाबांनी आपल्या आखडलेल्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, “तू एकच दाखवलंस. तू खुर्चीवरून उतरून आईकडे गेलीससुद्धा. पुढची पाच-सहा मी आपणहून बघितली.”

“काय?”

“बंबवाला आभाळ बघत राहिला, हे कुठल्या तोंडाने सांगणार होतो? तू सगळं स्वतःवर घेतलंस, आणि मी घेऊ दिलं.”

ठमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं! ती उठली, जिन्यापर्यंत गेली, परत आली. म्हाताऱ्याची मान खाली होती.

“छान होती का हो, ती पुढची पाच-सहा?” तिने विचारलं.

“फार,” बाबा म्हणाले आणि रडू लागले.