मंदाआत्याच्या ट्रेलरचे ब्रेक

मंदाआत्या गेल्याचं मला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. बाबांचे फोन येऊन गेले होते, पण मी वॉर्ड ऑफिससमोर फूटपाथच्या मागणीसाठी घोषणा देत होते, ऐकूच आले नाहीत. मग ग्रुप उघडला. सेक्रेटरी सामंतांनी लिहिलं होतं, "आपल्या सर्वांच्या लाडक्या मंदाताई पहाटे झोपेतच गेल्या. सोसायटीचा आधारवड हरपला." खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि रांगेत मध्येच कुणीतरी विचारलेलं, टाकी उद्या धुणार की परवा? मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसले आणि रडता रडता भडकले. आधारवड? याच माणसानं याच ग्रुपवर एकदा लिहिलं होतं, की मंदाताईंचा डबा रविवारपर्यंत आवारातून हलला नाही, तर भंगारवाल्याला बोलावण्यात येईल. आत्याला जाऊन महिना झाला. राग काही उतरलेला नाही. म्हणून हा लेख.

डबा म्हणजे आत्याचा कॅम्पर ट्रेलर. दोन चाकांवरची छोटीशी खोली... आत पलंग, ओटा, एक खिडकी, आणि जीपला जोडून ओढायची सोय. कुठलंसं परदेशी जोडपं भारत बघायला घेऊन आलं आणि इथंच विकून गेलं. मग तो शूटिंगला सामान पुरवणाऱ्या एका माणसाकडे पडून होता. आत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली आणि लोक चारधामला जातात तशी सरळ जाऊन तो घेऊन आली. आमची सोसायटी मुलुंडच्या डोंगराकडच्या चढावर. मोठ्या ट्रकनं ओढून आणलेला तो डबा आवारात शिरला तेव्हा बाबा गॅलरीतून ओरडले, "मंदे, हे काय आणलंस?" ती खालून म्हणाली, "दार!"

आत्या लग्न न करता आयुष्यभर बाबांकडे राहिली. म्हणजे आमच्या हॉलमध्ये राहिली. हॉलला दार नव्हतं. पहाटे बाबांनी पेपरसाठी दिवा लावला की आत्याची झोप संपली, आणि पाहुणे आले की आत्याचा पलंग म्हणजे सोफा. आमच्या घरात कुणी वाईट नव्हतं. पण कुणाला कधी वाटलंही नाही की या बाईला कडी लावायची इच्छा होत असेल, आणि याला मी आजही अन्याय म्हणते. त्या ट्रेलरच्या दाराला आतून पितळी कडी होती. आत्या दुपारी तिथं जाऊन ती कडी लावायची आणि दोन तास कुणाचीही नसायची.

सामंतांची नोटीस आली तेव्हा माझं रक्त उसळलं. त्याच आवारात सामंतांच्या दोन गाड्या तिरक्या उभ्या असायच्या! मी रातोरात पत्रक काढलं, 'एका ज्येष्ठ नागरिक महिलेच्या हक्कावर घाला!!!' आणि सकाळी प्रत्येक दाराखालून सरकवलं. आत्यानं ते चष्मा लावून वाचलं.

"पुढारी, उद्गारचिन्हं किलोनं आणलीस का गं?"

"आत्या, हा लढा आहे."

"लढा तू लढ. मला ब्रेक हवेत."

उताराच्या पायथ्याशी रोपांची नर्सरी चालवणाऱ्या सुमनताईंनी तिला जागा देऊ केली होती. आत्या तिथं कायमची राहायला जाणार होती. अडचण एकच. आमच्या गेटपासून नर्सरीपर्यंत रस्ता असा उतरतो की सोडलेला चेंडू थेट बसस्टॉपवर जातो. ट्रेलरला इंजिन नसतं, ओढणाऱ्या जीपला तो उतारावर मागून ढकलतो. म्हणून त्याच्या चाकांत त्याचे स्वतःचे, विजेवर चालणारे ब्रेक असतात. जीपमधून तारेनं वीज आली की आतलं चुंबक चाकाच्या ड्रमला चिकटतं आणि ब्रेकचे लायनर चाक धरून ठेवतात. आत्याच्या ट्रेलरचं चाक कुणीच धरत नव्हतं. नाक्यावरच्या गॅरेजचा मुन्ना जीप द्यायला तयार होता, पण ब्रेकचं ऐकून म्हणाला, "आत्या, करंटवाला ब्रेक? शॉक बसेल ना यार!"

नवे ब्रेक इथं मिळेनात. मग आत्यानं परस्पर ऑस्ट्रेलियाला फोन लावला, तो सामंतांच्याच मुलीला. लहानपणी ती आत्याकडे इंग्रजी शिकायला यायची. डिसेंबरात ती आली, सामंतांनी हौसेनं बॅग उघडली, आणि चॉकलेटांच्या जागी निघाले ताटाएवढे दोन काळे लोखंडी ब्रेक. "हे काय?" म्हणून विचारलं तर मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्हीच म्हणालात ना डबा हलला पाहिजे?"

रविवारी सकाळी काम काढलं. मुन्नानं जॅक लावला, चाक उतरवलं, ड्रम ओढला... आणि आतून तेलाची धार लागली. लायनर झिजून कागदासारखे झाले होते, आणि उरलेसुरले तेलात मुरून लोणच्यासारखे मऊ.

"आत्या, हे तेल कोणी घातलं?"

"मी," आत्या अभिमानानं म्हणाली. "दर दसऱ्याला."

दसऱ्याला ती शिवणयंत्र, मिक्सर, टेबलफॅन, सगळ्यांना हळदकुंकू लावून दोन-दोन थेंब तेल द्यायची. ट्रेलरच्या चाकामागे तिला एक रबरी बूच सापडलं होतं. ते ब्रेक आवळायचं भोक. आत्याला वाटलं, तेलाचंच असणार. मुन्ना जमिनीवर बसून हसत राहिला. "ब्रेकला तेल! आत्या, उतारावर देवालाच वाचवावं लागलं असतं तुम्हाला!"

"मग काय ट्रेलरला कोरडा ठेवू? सणासुदीला?"

नवे ब्रेक लावताना खरी वाट लागली. एक डाव्या चाकाचा, एक उजव्याचा, अदलाबदल झाली तर पकड ढिली पडते. आता ट्रेलरचं डावं कुठलं? तोंड करून बघितलं तर एक, पाठमोरं उभं राहिलं तर दुसरं. गॅलऱ्या भरल्या. तिसऱ्या मजल्यावरून कुणी चालायच्या दिशेचा डावा म्हणे, कुणी जिन्याकडचा. सामंत पायजम्यात खाली आले आणि सवयीनं म्हणाले, "असं करू, हात वर करा." आणि त्या सोसायटीनं बहुमतानं ठराव केला की डावी बाजू उजवीकडे आहे! मी ओरडत होते की हा लोकशाहीचा विषय नाही. मी, जी प्रत्येक सभेत मतदान मागते! आत्या शांतपणे म्हणाली, "लावू दे गं त्यांच्या मतानं. चाचणीही त्यांच्याकडूनच करून घेऊ."

मुन्नानं जीपची फक्त तार ट्रेलरला जोडली, जीपमधला खटका दाबला, ब्रेक लागले. आत्यानं ठरावाच्या बाजूच्या सगळ्यांना ट्रेलर मागून ढकलायला लावलं. ट्रेलर कुरकुरत पुढे गेला. सामंत सगळ्यात मागे होते, त्यांचा तोल गेला आणि ते पायजम्यासकट तेलाच्या थारोळ्यात बसले. "ठराव नामंजूर," आत्या म्हणाली.

मुन्नानं ब्रेकची अदलाबदल केली, भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून आवळले. पुन्हा खटका, पुन्हा ढकला. सगळ्यांत जास्त जोर सामंतांनी लावला, त्यांना आता तो डबा जायलाच हवा होता. मान लाल झाली, पण ट्रेलर तसूभर हलला नाही. आत्या पायरीवर उभी राहून त्या लाल मानेकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान मी तिच्या निवृत्तीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

दुपारी आम्ही उतरलो. मुन्ना जीपमध्ये, मी शेजारी, आत्या चालत. ट्रेलरच्या मागे हात टेकवून, जणू तीच त्याला धरून आहे. बसस्टॉपच्या वळणावर एक रिक्षा आडवी आली. मुन्नानं खटका दाबला, चाकांतून बारीक गुणगुण आली आणि तो डबा जागच्या जागी थांबला. आत्याच्या तोंडून फक्त "अगंबाई..." निघालं. नर्सरीत जास्वंदीच्या कुंड्यांशेजारी चाकांना विटा लावल्या. मी चाकामागच्या बुचांवर पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून चिकटवलं, 'येथे तेल घालू नये'. "बघ," आत्या म्हणाली, "हे तुझं पहिलं पत्रक, जे कुणीतरी पाळेल."

तिथं ती राहिली, कडी लावून. सुमनताईंच्या रोपांना पाणी घालायची, गिऱ्हाइकांना न विचारता सल्ले द्यायची. त्या सकाळी चहाला ती उठली नाही, तेव्हा खिडकीतून मुन्ना आत उतरला. कडी लावलेलीच होती.

गेल्या आठवड्यात सामंत घरी आले. ट्रेलर परत आणून आवारात 'मंदाताई विरंगुळा केंद्र' करावं, असा ठराव आहे म्हणे. मी तिथंच त्यांना सुनावलं, आणि पत्रकाचा मजकूर तयार केला, भरपूर उद्गारचिन्हांसह. बाबांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "चल, जरा जाऊन येऊ."

नर्सरीत पोचलो. किल्ली बाबांच्याच हातात होती. पायरीवर ते थांबले. मला वाटलं, कुलूप अडलं. "बाबा, द्या इकडं, मी उघडते."

"अगं थांब ना."

त्यांनी चपला काढल्या, शर्ट नीट केला, दारावर दोन बोटांनी टकटक केली. आणि कुणी आतून येऊन कडी काढायला लागेल तेवढा वेळ ते तसेच उभे राहिले.