मनगटावर मुलीची शुगर आणि दोन दिवसांची मुंबई

मुंबईला जायचं ठरलं ते एका शिबिरामुळे. मुक्ताच्या शाळेनं आठवीच्या मुलांना एका गडाच्या पायथ्याशी न्यायचं ठरवलं होतं, तंबूत राहायचं, गड चढायचा वगैरे. मुक्ताला जायचंच होतं. मुक्ता माझी मुलगी, वय तेरा. लहानपणापासून तिला टाईप वन मधुमेह आहे, म्हणजे तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही. ते प्रत्येक जेवणाआधी पेनानं टोचून घ्यावं लागतं. दंडावर नाण्याएवढा सेन्सर चिकटवलेला असतो, तो दर पाच मिनिटांनी साखर मोजून तिच्या फोनवर आकडा दाखवतो. आकडा सत्तरच्या खाली गेला की हात थरथरतात, बोलणं अडखळतं, आणि तेव्हा काही गोड खाल्लं नाही तर पुढे काय होतं ते मी इथे लिहीत नाही. ज्या आईबापांसाठी ही पोस्ट आहे त्यांना ते पाठ असतं.

मी प्रोग्रॅमर आहे, चिपळूणला घरूनच काम करतो. मुक्ताच्या फोनमधलं ॲप ओपन सोर्स आहे, आमच्यासारख्याच अनेक घरांतल्या लोकांनी मिळून फावल्या वेळात लिहिलेलं. आकडा आईबापांच्या घड्याळावर पाठवायचा त्यातला भाग मी लिहिलाय आणि त्याचा मला अभिमान आहे. पोरीच्या रक्ताचे आकडे कुठल्या कंपनीकडे नकोत म्हणून सर्व्हरही घरचाच. टीव्हीच्या मागे साबणाच्या डबीएवढा कॉम्प्युटर आहे, मुक्ताचा आकडा त्याच्यातूनच माझ्या घड्याळावर येतो, म्हणून तो अहोरात्र चालू असतो. माझी बायको प्राजक्ता त्याला माझं देवघर म्हणते.

तर शिबिर. आमच्या धंद्यात नवा कोड थेट लोकांच्या हातात देत नाहीत, आधी चाचणी घेतात. मी मुक्ताला म्हटलं, तपासणीला परळला जायचंच आहे, तर तिथे एक दुपार तू आत्याच्या सायलीताईबरोबर फिर, मी बरोबर नसेन. आकडा सत्तरच्या खाली गेला नाही तर शिबिर नक्की.

"आणि गेला तर?"

"तर पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी आठवी नसते बाबा," ती म्हणाली, पण कबूल झाली.

सकाळच्या गाडीनं निघालो. आरक्षण बरंच आधी करा, कोकणातून येणाऱ्या गाड्या कायम भरलेल्या असतात. सेन्सर जास्तीचा ठेवा, इन्सुलिन थंड पिशवीत आणि ती पिशवी आपल्या मांडीवर. सामानाच्या फळीवर ठेवायची हिंमत माझी तरी होत नाही. गाडीत बटाटेवडे येतात, चांगले असतात. इतर लोक वडा बघून तोंडाला पाणी सुटलं म्हणतात, मी मनात पिठाचा आणि बटाट्याचा अंदाज बांधत असतो. मुक्ता हातातल्या कन्सोलवर गेम खेळत होती आणि मी घड्याळाकडे बघत होतो. एकशे बत्तीस. एकशे एकोणतीस. बाहेर नद्या, बोगदे, सगळं असणार. मी नीट पाहिलं नाही, त्यामुळे निसर्गवर्णन माफ करा.

दादरला उतरून टॅक्सीनं डिलाईल रोडला ताईकडे गेलो. माझी ही थोरली बहीण लग्नापासून तिथल्या चाळीत राहते. भावोजी मालवणचे, गिरणी बंद पडल्यावर कुरियरच्या धंद्यात गेले, आता घरीच असतात. सायली त्यांची मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. ताईनं मुक्ताला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "तूच आजारी दिसतोस रे." मी हसण्यावारी नेलं.

संध्याकाळी मुक्ताला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेलो. गॅजेटची आवड असलेल्यानं इथे एकदा तरी जावं आणि घरी सांगून जावं, कारण वेळेचं भान राहत नाही. ग्रँट रोड स्टेशनपासून चालत अंतर. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. पहिल्या दुकानात काही घेऊ नका, भाव ऐकून पुढे चला. मला घरच्या सर्व्हरसाठी छोटी बॅटरी हवी होती, आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. दुकानदारानं एक पांढरी डबी पुढे केली.

"साहेब, राउटरला लावतात तीच घ्या. लाईट गेली तरी चार तास टेन्शन नाय."

टेन्शन नाय हे शब्द ऐकूनच मी पैसे काढले. मुक्ता शेजारच्या काउंटरवर जुने कन्सोल उलटसुलट करून बघत होती, आणि तिथल्या माणसाशी बटणं कशी बदलायची यावर इतकं बारकाईनं बोलत होती की मी जरा लांबच उभा राहिलो. येताना लालबागला चिवडा गल्लीतून चिवडा घेतला. एरवी मला तो फार आवडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परळ. डॉक्टर बाई शांत आहेत, भराभर बोलत नाहीत. मी लॅपटॉप उघडून तीन महिन्यांचे आलेख दाखवले. त्यांनी ते पाहिले, चांगले आहेत म्हणाल्या, आणि मुक्ताकडे वळून विचारलं, "लो होतं तेव्हा तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

"तिला आधी हात थरथरल्यासारखे वाटतात," मी म्हणालो.

"मी तिला विचारलं," डॉक्टर म्हणाल्या.

मुक्तानं माझ्याकडे पाहिलं आणि "तेच, हात थरथरतात," म्हणाली. बाहेर आल्यावर आम्ही उसळपाव खाल्ला, तिनं इन्सुलिन घेतलं आणि चाचणी सुरू झाली.

सायली तिला गिरगावला घेऊन गेली. तिथे एका जुन्या वाडीत एका आंटीच्या मुलानं घराची पुढची खोली जुन्या व्हिडिओ गेमना दिली आहे, तासाचे पैसे भरून कितीही खेळा. मी डिलाईल रोडला, चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून. समोर करी रोडच्या बाजूला उंच इमारती दिसत होत्या. ताईनं चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

एकशे एक्केचाळीस. छान. एकशे अठरा, शेजारी तिरका बाण, म्हणजे साखर उतरायला लागली. मग शहाण्णव, आणि बाण सरळ खाली. गेम खेळताना बसून असतात, मग इतक्या लवकर का उतरतेय ते मला कळेना. मी उठून उभा राहिलो. एकोणऐंशी.

"पोरगी खेळूक गेली हा, लढाईक नाय," भावोजी आतून म्हणाले. "बस मरे जरा."

मी बसलो, आणि घड्याळातला आकडा गेला. त्याच्या जागी दोन आडव्या रेघा. पाच मिनिटं थांबलो असेन नसेन, मुक्ताला फोन लावला. उचलला नाही. सायलीला लावला, तिनंही नाही. पुन्हा मुक्ताला. चपला घालून जिना उतरलो तेव्हा फोन कानालाच होता, खाली काळी-पिवळी मिळाली तिच्यात बसलो तरी कानालाच. टॅक्सीवाल्याला गिरगाव सांगितलं आणि लवकर, लवकर असं बडबडत राहिलो.

सात रस्त्याला अडकलो. घरी प्राजक्ताला फोन केला.

"सर्व्हर बघ गं, चालू आहे का."

"लाईट गेलीय मघाशी. कुठेतरी झाड पडलंय म्हणतात. का रे, काय झालं?"

म्हणजे रेघा त्यामुळे. मुक्ताला काही झालं म्हणून आकडा गेला नव्हता. पण मुक्ताला काही झालं असेल तर ते मला कळणारही नव्हतं. काल घेतलेली बॅटरी ताईकडे माझ्या बॅगेत होती, वेष्टनासकट. प्राजक्ता दोनदा काय झालं विचारत राहिली आणि मी नंतर सांगतो म्हणून फोन ठेवला, म्हणजे आता चिपळूणलाही एक माणूस घाबरून बसलं होतं. शेवटचा आकडा एकोणऐंशी आणि बाण खाली. त्यानंतर किती, हे मी मनातल्या मनात मोजत होतो, आणि प्रत्येक मोजणीत तो आणखी खाली जात होता. मी पुन्हा फोन लावला. टॅक्सीवाला आरशात बघून म्हणाला, "साहेब, पोचवतो, तुम्ही जरा श्वास घ्या." मला त्याचा राग आला. आता येत नाही.

वाडीच्या तोंडाशी उतरून पळालो. लाकडी जिन्यांची, कौलारू छपरांची घरं आहेत, लोक मुद्दाम फोटो काढायला येतात. तुम्हीही जा, फक्त तिथे माणसं राहतात एवढं लक्षात ठेवून जा. सायलीनं सांगितलेल्या घराच्या ओसरीत फुलाफुलांचा झगा घातलेली एक वयस्क बाई बसली होती.

"कोण पायजे?"

"मुक्ता. माझी मुलगी."

"आत हाय. ठीक हाय. तू पण बस जरा, तोंड बघ कसा झालाय तुझा," आंटी म्हणाल्या. मी तोपर्यंत आत शिरलो होतो.

मुक्ता भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. हातात ज्यूसचा रिकामा डबा, चेहरा पांढरा, कपाळावर घाम. समोर नाचायची चटई पसरलेली, ज्या खेळात पडद्यावर बाण येतात आणि आपण त्या तालावर चटईवर पाय मारतो ती. जेवणाच्या इन्सुलिनवर तासभर नाच, साखर उतरणारच. सायली शेजारी बसून तिला वारा घालत होती. मुक्ताचा फोन तिच्या गुडघ्यावर होता.

"किती आहे? फोन का उचलत नाहीस? किती वेळा केला मी," मी म्हणालो.

"मीच ताईला पण उचलू नको म्हटलं," मुक्ता सायलीकडे बघत म्हणाली. "बासष्ट झाली होती. ज्यूस प्यायले. पंधरा मिनिटं थांबून बघायचं असतं ना, तेच बघतेय."

"एकदा उचलून सांगायचं तरी."

तिनं माझ्या हाताकडे बोट केलं. माझा फोन अजून तिलाच लावलेला होता. मग तिनं गुडघ्यावरचा तिचा फोन उचलून माझ्याकडे वळवला. अख्ख्या पडद्यावर माझा फोटो, खाली बाबा, हिरवं बटण आणि लाल बटण. आकडा कुठेच नव्हता.

"तू फोन केलास की हे येतं. आकडा जातो. अलार्म पण बंद होतो. मी कट करते, आकडा येतो, की परत तू."

मी फोन बंद केला. तिच्या पडद्यावर आकडा आला, चौऱ्याहत्तर, बाण वर.

"आणि उचलला की तू किती आहे विचारणार," ती म्हणाली. तिचे शब्द जरा सावकाश येत होते. "लो असताना मला नीट बोलता येत नाही. मला फक्त बसायचं असतं. तुझा फोन आला की आधी तुला शांत करावं लागतं. डॉक्टरांना तेच सांगणार होते. पण तू होतास."

मी खाली बसलो. आंटींनी पाण्याचा ग्लास आणला आणि तो मुक्ताला न देता मला दिला. मला रडू आलं, आणि ते सायलीसमोर आलं याची लाजही वाटली नाही. आकडा नव्वदच्या वर गेल्यावर मुक्ता उठून सायलीला म्हणाली की तिची एक फेरी राहिली आहे. आंटी नको म्हणाल्या, म्हणून ती बसून खेळायचा दुसरा गेम खेळली.

परतीच्या गाडीत पनवेल सुटल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे मी नापास ना?"

मी "बघू" म्हणालो. बापाकडे दुसरं काही सुचलं नाही की हा शब्द असतो. ती फोनवर काहीतरी टाईप करत बसली. घरी पोचल्यावर पाहिलं तर आमच्या ॲपच्या पानावर, जिथे कुणीही वापरणारा तक्रार नोंदवू शकतो, तिथे तिची नोंद होती. पालकांचा फोन आला की आकडा दिसत नाही. अलार्मही बंद पडतो. साखर खाली असताना हे जास्त वेळा होतं.

बॅटरी बसवली, लाईट गेली तरी सर्व्हर आता चालू राहतो. ते अर्ध्या तासाचं काम होतं. मुक्ताच्या तक्रारीवर मात्र मी आठवडाभर डोकं आपटलं. आकडा कॉलच्या वर तरंगता ठेवून पाहिला, माझ्या फोनवर जमलं, तिच्या जुन्या फोनवर नाही. अलार्म वेगळ्या वाटेनं वाजवून पाहिला. प्रत्येक वेळी चाचणीसाठी मी हॉलमधून फोन करायचो आणि ती आतल्या खोलीतून ओरडायची, "गेला!" आणि हे करता करता मला दिसलं की मी मुंबईत घेतलेली चाचणीच चुकीची होती. आकडा खाली जातो का, हे मी तपासत होतो. तो जातो, जाणारच. खाली गेल्यावर ती काय करते हे तपासायला हवं होतं, आणि ते सगळं तिनं बरोबर केलं होतं. त्यात अडथळा फक्त माझा होता.

शेवटी मी त्या तक्रारीखाली लिहिलं की कोडमधून दुरुस्त होण्यासारखं नाही. तोडगा: साखर उतरत असताना पालकांनी फोन करू नये. थांबावं. ठरलेल्या वेळानंतरही ती वर आली नाही तर मुलाजवळच्या मोठ्या माणसाला फोन करावा, मुलाला नाही. तेच वाक्य ॲपच्या माहितीत सगळ्यात वर टाकलं आणि तक्रार बंद केली. मग शिबिराच्या संमतीपत्रावर सही करून ते मुक्ताच्या दप्तरात ठेवलं.

आज सकाळी त्यांची बस गेली. शाळेच्या बाईंना सगळं समजावून झालंय, ज्यूसचे डबे त्यांच्याकडेही आहेत, गरज पडली तर त्या पायथ्याच्या गावातून फोन करतील. गडावर रेंज नाही, म्हणजे घड्याळात दोन रेघाच, हे मला आधीपासून माहीत होतं. माहीत असणं आणि सहन होणं यात बराच फरक आहे. हात मोकळे राहू नयेत म्हणून ही पोस्ट लिहायला घेतली. माझा फोन मी स्वयंपाकघरात प्राजक्ताकडे देऊन ठेवलाय. वाजला तर आणून देईन, म्हणाली. अजून वाजलेला नाही, आणि न वाजणं म्हणजेच ती ठीक आहे, असं मी इथे बसून स्वतःला समजावतोय.