अंतरा माझा होता

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आता लिहायला बसलेय तरी दोनदा उठून दाराची कडी बघून आले—सहा वर्षं झाली, आणि अजून ही तऱ्हा.

आम्ही दोघं इंदूरच्या एकाच शाळेत होतो. मी हिंदी शिकवायचे, सॅम्युअल सर संगीत. त्यांच्या चर्चच्या पोरांचा एक रॉक बँड होता. नाताळसाठी येशूवर गाणं बसवत होते. चाल झाली होती, शब्द अडले होते. सर मला म्हणाले, "मॅडम, आपकी हिंदी पक्की है, एक अंतरा लिख दो ना." मी स्टाफरूममध्ये वह्या तपासता तपासता लिहून दिला. खरं सांगते, मजा आली होती मला. हीरो कोण? लढून जिंकतो तो नाही—दुसऱ्याचा दोष आपल्या अंगावर घेतो आणि गप्प राहतो, तो. असं मी लिहिलं. मोठी शहाणी लागून गेले होते ना.

गाणं शाळेतल्या पोरांना इतकं आवडलं, की आम्ही ते वार्षिकोत्सवात घेतलं. ड्रम, गिटार, सगळं. दोनच दिवसांनी चार-पाच पालक प्रिन्सिपलच्या खोलीत येऊन बसले. आम्हा दोघांना बोलावणं आलं. "ये गाना लिखा किसने? बच्चों के दिमाग में क्या भर रहे हो?"

मी नुसतं म्हटलं असतं—मी लिहिलं, स्नेहलतागंजच्या जोश्यांची सून—तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. माझ्यावर कोण धर्मांतराचा आळ घेणार होतं? हे मला तेव्हाही कळत होतं, बरं का. पण माझा फोटो मोबाईलवर फिरला तर? सासरी कळलं तर? मी नुसता पदर सारखा करत राहिले.

सरांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग म्हणाले, "मैंने लिखा है."

कोणीतरी मला विचारलं, "सच है, मॅडम?" आणि मी—मी मान हलवली. हो म्हणून.

महिन्याभरात त्यांची नोकरी गेली. आता सांवेर रोडला कुठल्याशा गोदामात असतात म्हणे. मी त्या बाजूला जातच नाही. समोर आले तर चिडतील, याची भीती नाही वाटत. हसून "नमस्ते मॅडम" म्हणतील, याची वाटते.

परवा माझ्या मुलीला त्या कार्यक्रमाचा जुना व्हिडिओ सापडला. ऐकता ऐकता म्हणाली, "मम्मी, ये वाली लाइन मस्त आहे यार. कोणी लिहिली?"

भर दुपार होती. घरात आम्ही दोघीच. ना पालक, ना प्रिन्सिपल.

"सॅम्युअल सरांनी," मी म्हटलं.