वल्हं
डिझेलचा वास आला की मला पूर्णगडची खाडी आठवते. लग्नानंतर महिन्याभरातच सासूबाईंबरोबर होडीतून पलीकडे निघाले होते. मधोमध इंजिन बंद पडलं. ओहोटी होडीला समुद्राकडे ओढू लागली आणि होडीवाला नुसताच इंजिनाची दोरी ओढत बसला. तोवर मी ज्यांना फक्त चुलीपाशी पाहिलं होतं, त्या सासूबाई पदर खोचून उठल्या आणि त्यांनी वल्हं हातात घेतलं. "घाबरू नको गो, ह्या पाण्यातच वाढल्येय मी," म्हणाल्या. खारं पाणी तोंडावर उडत होतं, तरी अर्धा तास त्या वल्हवत राहिल्या. काठाला लागलो तेव्हा त्यांचे तळहात सोलवटून निघाले होते, आणि त्या मलाच विचारत होत्या, "तुझी साडी भिजली काय गो?" आता माझी सून मला धीराची म्हणते. तिने त्यांना पाहिलेलं नाही.